डोळे मीट, लागलं की सांग

माझं त्या डॉक्टरांशी एक भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. लोक म्हणतात, आता कशाला उगाळतोस? पण मी डोक्यावर चिकूच्या टोपल्या वाहून वर आलेला माणूस आहे. घोलवडपासून कैनाडपर्यंतच्या वाड्या मी उक्त्या घेतल्या आहेत, म्हणजे झाडावरचा सगळा माल मोसमाआधीच एका बोलीत. वाडीवाले, ट्रकवाले, दिल्लीचे दलाल, यांतला एकही माझ्यासमोर पहिल्या भावावर टिकलेला नाही. डॉक्टर टिकले, आणि शेवटपर्यंत टिकले. ते मला अजून सहन होत नाही.

डहाणूजवळ मसोलीत त्यांचा दवाखाना होता. एक लांबट खोली, मधे निळा पडदा, अलीकडे बाकं, पलीकडे ते. दुपार कलली की खाडीकडून वारा सुटायचा आणि तो पडदा फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. सुकत्या मासळीचा आणि स्पिरिटचा मिळून एक वास यायचा. त्या वेळी त्या खोलीत बसलं की आपण आजारी आहोत की झोपेत आहोत ते समजत नसे. डॉक्टरांचंही तसंच असावं. ते डोळे मिटून ऐकत. उंच, वाळका माणूस, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग, आणि बसायला एक जुनी वेताची खुर्ची. तिच्यावर त्यांचं वजन जरा इकडचं तिकडे झालं की ती कुरकुरे. डॉक्टर जागे आहेत की झोपलेत ते आम्ही त्या खुर्चीवरून ओळखत असू.

सगळ्यांना ते 'तू' म्हणत. मामलेदारालाही. मला 'शेट' म्हणत आणि 'तू'ही म्हणत, त्यामुळे मान मिळतोय की जातोय हे मला कधी ठरवता आलं नाही.

त्यांची खरी विक्षिप्त तऱ्हा औषधाच्या चिठ्ठीची होती. तपासून झालं, दुखणं समजावून झालं की ते चिठ्ठी लिहीत आणि टेबलावरच्या एका चिकूखाली दाबून ठेवत. तो चिकू ते कधी खात नसत. मऊ पडला की बदलत. मग म्हणत, "आता बाहेर जा. बाकावर पहिला जो बसलाय त्याला तुझं दुखणं समजावून सांग. त्याला समजलं तर चिठ्ठी ने."

"आणि नाही समजलं तर?"

"तर तुलाही समजलेलं नाही. चिठ्ठी घेऊन काय करशील? औषध अर्धं घेऊन सोडून देशील."

त्यामुळे पडद्याच्या अलीकडे दुखण्यांचा बाजार भरलेला असे. एक म्हातारी एका रिक्षावाल्याला क्षयाच्या गोळ्या बरं वाटलं तरी मधे का थांबवायच्या नाहीत ते सांगत असे, आणि तो मान डोलवत असे. हर्निया म्हणजे काय ते मला पोस्टातल्या एका माणसाने समजावलं. त्याच्या पिशवीला भोक होतं. त्यातून त्याने एक वांगं अर्धं बाहेर काढलं आणि म्हणाला, "हे पोट, हे आतडं. पिशवी शिवायची असते, वांगं कापायचं नसतं." दोघेही हसलो. त्याला चिठ्ठी मिळाली.

मी पहिल्यांदा गेलो ते डोकं जड झालं म्हणून. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, सोडला.

"वरचा एकशेसाठ, खालचा शंभर."

मी सवयीने म्हणालो, "वरचा जरा जास्त होतोय. एकशेचाळीसला मिटवा."

डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. "मिटवला. आता तुझ्या हृदयाला जाऊन सांग."

मग त्यांनी मला समजावलं आणि बाहेर पाठवलं. बाकावर पहिली बसली होती ती डहाणू गावची मासळीवाली. सगळे तिला मावशी म्हणत. सुके बोंबील घेताना मी तिच्याशी बाजारात बरेचदा भांडलो होतो आणि ती एकदाही माझ्या भावावर आली नव्हती. मला बघून तिने पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"सांग शेट. काय झालंय तुला?"

"दाब वाढलाय."

"म्हंजे?"

"म्हणजे वाढलाय! रक्ताचा."

"नाय समजलं."

मी तडक आत गेलो. म्हणालो, "चिठ्ठी द्या. तिला समजून घ्यायचंच नाहीये."

खुर्ची कुरकुरली. "माल खपला नाही की तू गिऱ्हाइकाला शिव्या देतोस का?"

"देतो."

"म्हणूनच दाब वाढलाय. जा, दुसऱ्या शब्दांत सांग."

मी पुन्हा बाहेर आलो. कानशिलं तापली होती. मावशी वाट बघत बसली होती, चेहऱ्यावर तीच बाजारातली शांतता. मग मी वाडीतल्या पाण्याचं सांगितलं. म्हटलं, पंप पाणी ढकलतो तेव्हा पाइपात जो जोर येतो तो वरचा आकडा. पंप दोन ढकलण्यांच्या मधे दम खातो, तरी पाइपात थोडा जोर उरतोच, तो खालचा. पाइप जुना झाला, कडक झाला की दोन्ही जोर वाढतात. बाहेरून काही दिसत नाही. पाणी तर येतच असतं.

"आणि पाइप फुटला तर?" मावशीने विचारलं.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी ते कानाबाहेर ठेवलं होतं.

"डोक्यात फुटला तर लकवा."

"हां," ती म्हणाली. आणि पडद्याकडे तोंड करून ओरडली, "डाक्तर, आता समजलं त्याला!"

'त्याला' म्हणाली. मी ते विसरलेलो नाही.

त्यानंतर साखर निघाली. हे दुखणं माझ्या धंद्यातच होतं, दिवसभर चिकू चाखत फिरणारा माणूस मी. रक्त द्यायच्या आधी काही दिवस मी काकडी आणि ताकावर काढले. उपाशीपोटीची साखर छान आली. कागद टेबलावर आपटून मी म्हणालो, "बघा." डॉक्टरांनी तो कागद चिकूखाली सरकवला आणि दुसरी चाचणी लिहून दिली. तिचा आकडा असा आला की मीच कागद खिशात घातला.

"तुम्ही फसवलंत," मी म्हणालो.

"मी नाही. तांबड्या पेशींनी. रक्तातली साखर त्यांना चिकटून बसते आणि पेशी जगते तीन-एक महिने. वाडीवाला तुला रस्त्याकडची दोन झाडं दाखवतो तेव्हा तू काय करतोस?"

"मागच्या रांगेत जातो."

"ही चाचणी मागच्या रांगेत जाते."

मला राग आला तो याचा, की उदाहरण माझंच होतं.

एकदा त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना माझ्या टेम्पोतून तलासरीच्या बाजाराला नेलं. बाजारच्या दिवशी ते तिथे एका चिंचेखाली बसत. वापी, सिल्वासाच्या दवाखान्यांतून कागद घेऊन आलेली पाड्यापाड्यांवरची माणसं त्यांच्याकडे येत. औषध ते देत नसत, नुसता कागद समजावत. कधी मराठीत, कधी गुजरातीत, कधी वारलीत, तीही मोडकी. त्या दिवशी एक तरुण माणूस आला. रक्त तपासणीत त्याला सिकलसेलचा वाहक म्हणाले होते आणि मुलीकडच्यांनी लग्न अडवलं होतं. मुलीचा बापही सोबत आला होता, लांब उभा.

डॉक्टरांनी माझ्याकडून चिकूच्या चार बिया मागून घेतल्या, काळ्या, चकचकीत. खालून एक चिंचोका उचलला.

"प्रत्येकाच्या मुठीत दोन बिया असतात. एक आईची, एक बापाची. तुझ्या मुठीत एक चिकूची, एक चिंचोका. तू आजारी आहेस का?"

"नाय."

"नाहीच आहेस. चिंचोका एकटा काही करत नाही. पोराला तू एक बी देणार, बायको एक देणार. दोन चिंचोके एकत्र आले तरच पोर आजारी. मुलीचं रक्त तपासलं?"

बापाने लांबूनच मान हलवली. नाही.

"मग भांडताय कशावर? तिच्या मुठीत काय आहे ते आधी बघा. दोन्ही चिकूच्या असल्या तर पोरं आजारी होणार नाहीत. तिच्याकडेही चिंचोका निघाला तर दोघं पुन्हा या, मग बोलू." आणि तरुणाच्या हातात बिया ठेवून म्हणाले, "आता हे सासऱ्याला समजावून सांग. त्याला समजलं पाहिजे."

ते दोघे चिंचेच्या सावलीत उकिडवे बसले, मूठ उघडत, मिटत. येताना डॉक्टर टेम्पोत झोपले. दोन्ही बाजूंनी गवताच्या गंज्या मागे जात होत्या आणि मला वाटलं, हा माणूस झोपेतच सगळं बघतो. जाग आल्यावर विसरून जाईल. तो मात्र काही विसरत नसे.

आता माझ्या पायांचं सांगतो. भांडण तिथे आहे.

उक्ती वाडी घेताना मी चप्पल काढून आत शिरतो. ज्या म्हाताऱ्या दलालाच्या हाताखाली मी शिकलो त्याने घालून दिलेली ही रीत. तो म्हणायचा, झाड खोटं बोलेल, मालक तर बोलेलच, माती बोलणार नाही. तळव्याला माती मऊ लागली तर वाडीला खत, पाणी वेळेवर आहे. टोचली, खडबडीत लागली तर मालकाने झाडं उपाशी ठेवली आहेत, फळ लहान पडेल. वरच्या पानांकडे सगळे बघतात. मी पायांनी भाव काढतो. याच पायांनी मला मोठं केलं.

आणि त्या वर्षी मला सगळ्या वाड्यांची माती मऊ लागत होती. कुठेही जा, पायाखाली कापूस. सकाळी धुक्यात वाडीत शिरलं की मी चालतोय की पाण्यावर तरंगतोय असं वाटे. पाचोळा वाजायचा, पण तळव्याला पोचायचा नाही. मला वाटलं, देवाने या साली चांगला हात फिरवलाय. आयुष्यात इतकं सुखाने मी कधी चाललो नव्हतो. कैनाडची एक मोठी वाडी मी तेव्हाच घेतली, मालकाच्या पहिल्या बोलीला. मी! पहिल्या बोलीला!

हे मी डॉक्टरांना सांगत होतो, दाब बघून झाल्यावर, सहज. ते डोळे मिटून होते.

"यंदा सगळ्याच वाड्या मऊ आहेत," मी म्हणालो.

खुर्ची कुरकुरली. "सगळ्याच?"

"सगळ्याच."

"कैनाडचीसुद्धा? तिथे विहीर आटलीय म्हणतात."

"रेशमासारखी."

डॉक्टरांनी डोळे उघडले. ते उघडे बघायची मला सवय नव्हती. "शेट, पाय इकडे आण."

खणातून त्यांनी एक तंगूस काढला. तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. मावशीच्या घरून आणलेल्या रिळातून, औषधं जोखायच्या जुन्या तराजूवर दाबून दाबून त्यांनी नेमक्या वजनाला वाकणारा तुकडा निवडला होता आणि एका काडीच्या टोकाला बसवला होता. मोठ्या दवाखान्यात याच कामाची परदेशी वस्तू असते म्हणे.

"डोळे मीट. हा दोरा मी तळव्याला टेकवीन. लागलं की सांग."

मी डोळे मिटले. पडदा फडफडला. मी वाट बघत राहिलो. काहीच लागेना.

आता माझं ऐका. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्या दलालांत मी वाढलो. समोरच्याचं तोंड बघायचं नाही, श्वास ऐकायचा. कधी थांबतो, कधी घेतो. मी डॉक्टरांचा श्वास ऐकला आणि मग मला खुर्ची ऐकू आली. दोरा टेकवायला ते पुढे वाकत, तेव्हा ती कुर्र करे.

कुर्र.

"हो," मी म्हणालो.

कुर्र. "हो." अंगठा, टाच, चवडा, जिथे टेकवतील तिथे हो. मला माझ्या हुशारीचं हसू येत होतं.

कुर्र. "हो."

"शेट," डॉक्टर हळूच म्हणाले, "आता मी हात लावलाच नाही."

मी डोळे उघडले. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते आणि ती उगाच हलवत होते. दोरा टेबलावर होता, चिकूशेजारी.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तपासणीत फसवायचं असतं का? हा काय धंदा आहे? डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या पायाच्या नसा झोपल्यात. साखरेने झोपवल्यात. माती मऊ नाही झाली. तू अनवाणी फिरू नकोस. रोज संध्याकाळी तळवे बघ, आरशात बघ, बायकोला बघायला सांग. दुखेल तेव्हा बघू असं म्हणू नकोस, कारण तुला दुखणार नाही. आता जा, बाहेर समजावून सांग."

मी कुणालाही समजावलं नाही. चिठ्ठी तशीच चिकूखाली सोडून निघालो आणि दुसरा भाव काढायला वापीला गेलो. तिथे गार खोलीत, यंत्रावर पाय ठेवून त्यांनी तपासलं आणि इंग्रजीत लांबलचक नाव दिलं. डायबेटिक पेरिफेरल न्यूरोपॅथी. अर्थ विचारला तर म्हणाले, नसा झोपल्यात. तोच माल, मोठी पेटी.

वाडीत चप्पल घालून शिरणं मात्र मला जमेना. कैनाडला तोड सुरू झाली तेव्हा मी अनवाणीच होतो. फळ सुपारीएवढं. झाडं तहानलेली. मी रांगेतून चालत मालकाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो आणि पायाखाली अजून कापूसच होता. तेवढ्यात फळं वेचणारी एक बाई म्हणाली, "शेट, रगत."

मी मागे वळून बघितलं. सुकल्या पाचोळ्यावर रांगेच्या टोकापासून माझ्यापर्यंत लाल ठिपके आले होते, एकामागून एक, जणू कुणी माझ्या मागोमाग शेंदूर शिंपडत चाललं होतं. ऊन पानांतून गळत होतं. तो माझाच माग आहे हे पटायला मला वेळ लागला. खोक्याच्या फळीचा खिळा अंगठ्याच्या बाजूच्या बोटात पार आत गेला होता. मी उपटून फेकला. दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून हळद लावून मी कामाला लागलो.

बोट काळं पडलं तेव्हा बायकोने मला मसोलीला नेलं. मी जाणार नव्हतो. ती घरासमोर रिक्षात बसून राहिली, म्हणाली, "तुम्ही भांडा त्यांच्याशी, पण आत जाऊन भांडा."

डॉक्टरांनी मागचा विषय काढला नाही. पाय मांडीवर घेतला. बोट दाबून बघितलं.

"बोट काढावं लागेल. मी चिठ्ठी देतो, आजच मोठ्या दवाखान्यात जा."

"औषधाने?"

"औषध रक्तातून जातं. या बोटात रक्त पोचतच नाही. मेलंय ते."

मी म्हणालो, "अर्धं काढा. वरचं पेर."

"शेट."

"बरं, दोन दिवस बघू. मलमपट्टी करू. मग तुम्ही म्हणाल तसं."

डॉक्टर डोळे मिटून मागे टेकले. "तुला भाव सांगतो. आज बोट. दोन दिवसांनी पाऊल. त्यानंतर गुडघा. हा भाव रोज चढणारा आहे आणि उतरत नाही. तू व्यापारी आहेस. कधी घ्यायचं ते तू ठरव."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने मांडलेल्या भावात मला फट दिसत नव्हती.

"आणि बाहेर समजावून सांग," ते म्हणाले.

बाहेर बाकावर पहिली माझी बायको बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो. पडदा फुगला, बसला. मी सांगायला लागलो. नसा झोपल्या, म्हणून खिळा कळला नाही. साखर जास्त, रक्ताच्या वाटा अरुंद, म्हणून जखम भरली नाही. तिथे सडायला लागलंय आणि ते वर चढतंय. मधेच तिने माझा गुडघा धरला.

"समजलं," ती म्हणाली. "बोट देऊन टाका. पाय घरी आणा."

बोट गेलं. पाय राहिला. मोच्याने आतून मऊ, बंद चपला करून दिल्या. आता वाडीत चप्पल घालून शिरतो आणि सोबत धड पायांचा एक तरुण गडी नेतो, त्याला विचारतो, कशी लागते रे? तो म्हणतो, बरी लागते शेट. बरी! बरी म्हणजे काय? मला स्वप्न पडतं की मी कैनाडच्या वाडीत अनवाणी आहे आणि ढेकळं टोचतायत, पाचोळ्याचे देठ टोचतायत, सगळं टोचतंय, आणि मी सुखाने रडतोय. जाग येते तेव्हा नसलेलं बोट खाजत असतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "मेंदूकडे पायाचा जुना नकाशा आहे. बोट गेल्याचं त्याला अजून कुणी कळवलं नाही."

"तुम्ही कळवा."

"तू कळव. समजावून सांग."

रोज संध्याकाळी बायको माझ्या तळव्यांना तंगूस लावते. दोरा डॉक्टरांनीच दिला. मी डोळे मिटतो. बहुतेक ठिकाणी "नाही" म्हणतो.

मग एकोणीस साली डॉक्टर आडवे झाले. दवाखान्याला कुलूप लागलं. मागेच त्यांचं घर होतं, एक धाकटी बहीण बघायला आली होती. मी गेलो तर दारातून मावशी बाहेर येत होती, पदराने डोळे पुसत.

"जा, आत जा," ती म्हणाली. "मला सांगून झालंय त्याचं. तुझी वाट बघत होता."

त्यांची डावी बाजू गेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. पण मला बघून ते लगेच, जड जिभेने, समजावायला लागले. नियम म्हणजे नियम.

"तू मावशीला... पाइप फुटल्याचं सांगितलं होतंस. माझा... फुटला नाही. तुंबला. गुठळी अडकली. पुढच्या शेताला पाणी नाही. ते शेत डाव्या हातापायाचं. दोन्हीला... लकवाच म्हणतात. समजलं?"

मला समजलं होतं. मी म्हणालो, "नाही समजलं. पुन्हा सांगा."

ते डाव्या बाजूने नाही, उजव्या बाजूने हसले. आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.

वेताची खुर्ची खाटेशी आणून ठेवली होती. मी तिच्यात बसलो. खिशातून तंगूस काढला. "डोळे मिटा. लागलं की सांगा."

त्यांनी डोळे मिटले. तसे ते अगदी पूर्वीचे डॉक्टर दिसायला लागले. मी त्यांच्या डाव्या तळव्याला दोरा टेकवला. तो वाकला. खिडकीबाहेर खाडीचा वारा होता. ते काही बोलले नाहीत.

मी पुन्हा टेकवला आणि मुद्दाम पुढे वाकलो. कुर्र.

"नाही," ते म्हणाले.

मी टाचेला लावला. अख्ख्या अंगाने खुर्ची हलवली. कुर्र, कुर्र.

"नाही."

"अहो, नीट ऐका," मी म्हणालो.

"ऐकू येतंय शेट. लागत नाहीये."

मग मी वर सरकलो. घोटा, नाही. नडगी, नाही. गुडघ्याच्या वर एका जागी दोरा टेकवला तेव्हा मी खुर्ची हलवायचं विसरलो होतो. श्वासही घेतला नव्हता.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"इथे ना? मग एक बोट खाली?"

"नाही."

"अर्धं बोट?"

"नाही."

"अहो, अर्ध्या बोटाचा तर प्रश्न आहे! हो म्हणा!"

डॉक्टर डोळे मिटूनच होते. "जिथं लागलं तिथं... लागलं. उद्या ये. खाली आलं असेल तर... उद्या सांगेन."

मी म्हणालो, येतो. सौदा अर्धा टाकून मी कधी उठत नाही. पुढे बरेच दिवस मी जात राहिलो, रोज त्याच जागेपासून एक बोट खाली मागत राहिलो, आणि त्या माणसाने मला एक तसूभरही सूट दिली नाही. कोण तिथे तपासायला बसलं होतं? एका 'हो'ने त्यांचं काय जाणार होतं?

एके दुपारी गेलो तर बहिणीने खाट उभी करून ठेवली होती आणि वेताची खुर्ची अंगणात काढली होती. घरात दुखवट्याला आलेली माणसं होती. मी त्या खुर्चीत टेकलो, डोळे मिटून.

ती कुरकुरली, आणि माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं.